'खंडणी' : शुभवर्तमानातली आणि पेपरातली

गोदाकाठ : एक शब्द अडलाय. चर्चमध्ये रविवारी मोठ्या मुलांना शिकवते. बायबलातल्या शुभवर्तमानातलं मार्क १०:४५ वाचत होतो, मनुष्याचा पुत्र पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव 'खंडणी' म्हणून द्यायला आला. आठवीतला मुलगा म्हणाला, "टीचर, खंडणी तर गुंड मागतात. येशूने कुणाला दिली? सैतानाला?" वर्ग हसला, पण पोरगा खरंच विचारत होता. पुढचा धडा लाच आणि न्याय यांवर आहे. तिथे जुन्या करारातल्या गणना या पुस्तकातलं ३५:३१ येणार, खुन्याच्या जिवाबद्दल पैसे घेऊन त्याला सोडू नका. मूळ हिब्रू शब्द 'कोफेर', आणि जुन्या ग्रीक भाषांतरात त्याला मार्कातलाच शब्द, 'लुत्रोन'. मग मराठीत दोन्हीकडे काय म्हणू?

शब्दवेल्हाळ : ताई, सरळ 'मुक्तिमूल्य' म्हणा. खंडणी पेपरवाल्यांनी नासवली. पोलिसांचं 'खंडणीविरोधी पथक' निघाल्यावर त्या शब्दाला देवळात काय, चर्चमध्ये काय, जागा राहिली नाही.

वसईचा वारा : मुक्तिमूल्य माझ्या आईला कळणार नाही. तिला 'सोडवणं' कळतं. शाळेच्या फीसाठी तिच्या पाटल्या सोनाराकडे गहाण पडायच्या, भात विकलं की सोडवून आणायची. रुमालाची गाठ सोडून पाटल्या हातात चढवताना तिचा चेहरा मी पाहिलाय. ज्याने सोडवलं त्याचं मोल त्या शब्दात आहे. 'सोडवणुकीची किंमत' लिहा.

मोडीवाचक : 'नासवली' हे पटत नाही. 'खंडणे' म्हणजे रक्कम ठरवणे, आणि ठरवलेली ती खंडणी. मांडलिक राजा द्यायचा, लूट टळावी म्हणून पेठाही द्यायच्या. भीती त्या शब्दात पहिल्यापासून आहे. पेपरांनी फक्त घेणारा बदलला.

गोदाकाठ : ठरवणे हे पटतं. आमच्याकडे श्रीरामपूर-कोपरगाव पट्ट्यात 'खंडकरी', म्हणजे खंडाने जमीन दिलेला शेतकरी, म्हटलं की काही समजवावं लागत नाही. आजोबांची जमीन साखर कारखान्याला खंडाने, म्हणजे ठरलेल्या भाड्याने, गेली होती. ट्रंकेत पावत्या होत्या, 'खंडाची रक्कम पावली'. त्यांना खंडणी कधी गुंडाची वाटली नसेल.

शब्दवेल्हाळ : लाच शब्दही बघा. लोक फारसी समजतात, पण तो संस्कृत 'लञ्चा'वरून आलाय. कन्नडमध्ये आजही 'लंच'. आम्ही शाळेत 'लांच' लिहायचो, तो अनुस्वार उगाच नव्हता.

वसईचा वारा : अनुस्वार गेला म्हणून लाच थांबली नाही. ताईंचा प्रश्न कोफेरचा आहे.

गोदाकाठ : हो, आणि कोफेर जितका उकलतेय तितकी झोप उडतेय. निर्गम २३:८ मध्ये लाचेला वेगळा शब्द आहे, 'शोहद'. लाच डोळसांना आंधळं करते, असं तिथे म्हटलंय. अनुवाद १६:१९ मध्ये तीच शहाण्यांचे डोळे आंधळे करते. पण १ शमुवेल १२:३ मध्ये लोकांचा न्याय करणारा म्हातारा शमुवेल सगळ्यांसमोर उभा राहून विचारतो, डोळेझाक करायला मी कुणाच्या हातून काही घेतलंय का? तिथे शब्द कोफेर! आमोस ५:१२ मध्येही गरिबाला वेशीत न्याय नाकारणारे कोफेर घेतात. म्हणजे जीव सोडवायची किंमत आणि न्यायाधीशाची लाच, दोन्हींना एकच शब्द.

निर्गम २१ मधला मारका बैल घ्या. मालकाला आधी बजावलं होतं, तरी त्याने बांधला नाही आणि माणूस मेला. तिथे मालकाकडून कोफेर घ्यायला परवानगी आहे. जाणूनबुजून केलेल्या खुनाला मात्र नाही, खुनी कितीही श्रीमंत असो. उलट निर्गम ३०:१५ मध्ये शिरगणतीच्या वेळी जिवाबद्दल द्यायचा अर्धा शेकेल (चांदीचं वजन) श्रीमंताने जास्त द्यायचा नाही, गरिबाने कमी नाही. हे वाचताना मला भरून आलं.

मोडीवाचक : आणि त्याच २१व्या अध्यायात बैलाने दास मारला तर मालकाला ३० शेकेल. सगळे जीव सारखे कुठे?

गोदाकाठ : नाहीत. ते मी मुलांपासून लपवणार नाही.

शब्दवेल्हाळ : कोफेर आणि 'काफर' एकच का? मला तर तसंच वाटतं.

वसईचा वारा : काफर अरबी आहे. त्याच्या धातूचा अर्थ झाकणे, आणि हिब्रू धातूचाही झाकणे असाच सांगतात. नोहाच्या तारवाला आतबाहेर लावलेलं डांबरही कोफेरच, उत्पत्ती ६:१४. भेगा झाकणारं. लाचही झाकतेच की.

मोडीवाचक : झाकणं म्हटलं की आपल्याकडचा 'अंतस्थ' आठवतो. पेशवाईत कारभाऱ्याला आतून पोचवायची रक्कम. आणि दावा जिंकणाऱ्या पक्षाने सरकारात भरायची ती 'हरकी', हरणाऱ्याकडून 'गुन्हेगारी'. हरकी उघड, कागदावर. तिला लाच म्हणायचं का?

शब्दवेल्हाळ : मुळीच नाही. हरकी 'हर्षा'वरून, आनंदाने दिलेली.

वसईचा वारा : आनंदाने? निकाल बाजूने लागल्यावर पैसे भरायचे असतील तर न्याय करणाऱ्याचं लक्ष भरणारा कोण याकडे जाणारच. शमुवेल हेच विचारत होता.

मोडीवाचक : सरकारी खजिन्यात जमा होत होती, न्यायाधीशाच्या खिशात नाही. फरक आहे. माझ्याकडच्या एका निवाडपत्रात हरकीचा आकडा आहे, उद्या वाचून टाकतो.

गोदाकाठ : दादा, जरूर टाका. पण रविवारी त्या पोराला काय सांगू?