‘खरी माणसं’ की नट?

प्रश्न : पारलिंगी (ट्रान्सजेंडर), आदिवासी, कर्णबधिर अशा पात्राची भूमिका त्याच समाजातल्या कलाकाराला दिली, तर त्याला मराठीत नेमकं काय म्हणावं? परीक्षणांत ‘खरी माणसं घेतली आहेत’ असं सारखं वाचतो. ‘अस्सल पात्रनिवड’ चालेल का?

प्रतिसाद : ‘पात्रनिवड’ चांगला शब्द आहे. नाटकवाल्यांचा ‘पात्रयोजना’ही आहे. सेटवर सगळे ‘कास्टिंग’च म्हणतात, तेही चालतं. माझी हरकत ‘अस्सल’ला आणि त्याहून जास्त ‘खरी माणसं’ला आहे.

‘खरी माणसं’ म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो : कलाकार त्या समाजातला असणं आणि कॅमेऱ्यासमोर नवखा असणं. ‘कोर्ट’ या चित्रपटात (2014) शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार नागपूरचे, आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. व्यवसायाने ते नट नव्हते. त्यांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी जुळून आल्या. पण ‘कोडा’ या इंग्रजी चित्रपटासाठी 2022 साली ऑस्कर मिळवणारे ट्रॉय कोट्सर कर्णबधिर आहेत आणि रंगभूमीवर वर्षानुवर्षं मुरलेले नट आहेत. त्यांना ‘खरा माणूस’ म्हणून ओळख करून दिली, तर ती सगळी वर्षं पुसून टाकल्यासारखं होतं.

नवख्या कलाकारावरही हा शब्द अन्यायच करतो. ‘फँड्री’तल्या जब्यासाठी सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो अभिनयासाठीचा पुरस्कार होता. तरी ‘तो तर तसाच आहे, त्याला काय करावं लागलं?’ असं लोक म्हणतात. स्वतःच्या जवळचं दुःख दिग्दर्शक सांगेल तितक्या वेळा, त्याच जागी उभं राहून, त्याच तीव्रतेने दाखवायचं, याला मेहनत नाही तर काय म्हणायचं?

आपल्याकडेच याचा एक जुना दाखला आहे. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने केली. त्याच वर्षी फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. बाईची भूमिका करणाऱ्या पुरुषासाठी ‘स्त्रीपार्टी’ हा शब्द होता. बायका स्वतः आल्या तेव्हा त्यांच्यासाठी रुळले ते शब्द ‘नटी’ आणि ‘अभिनेत्री’. ‘अस्सल बाई’ असा शब्द काही भाषेने घडवला नाही. मग पारलिंगी किंवा आदिवासी नटासाठीच तो का लागावा?

दुसरा प्रतिसाद : सहमत. फक्त ‘सोंग’ या शब्दाची बाजू मांडतो. ‘पैशाचं सोंग आणता येत नाही’ या म्हणीत तो खोटेपणाकडे झुकतो, पण तमाशातल्या सोंगाड्याचं सोंग ही कसलेली विद्या आहे. कुणी कुणाचंही सोंग घ्यावं, हा नटाचा हक्क मला मोलाचा वाटतो.

पहिला प्रतिसादक : हक्क मोलाचा आहेच, पण तो सगळ्यांना सारखा मिळतो का? ‘ताली’ या वेबमालिकेत (2023) पारलिंगी कार्यकर्त्या गौरी सावंत यांची भूमिका सुष्मिता सेनने केली, त्यांच्या लहानपणीची, म्हणजे गणेशची, कृतिका देवने. दोघींनी मन लावून काम केलं. मात्र पारलिंगी कलाकाराला सर्वसाधारण नायिकेची भूमिका क्वचितच मिळते आणि पारलिंगी पात्राचीही दुसऱ्याकडे जाते. सोंग घ्यायची मुभा एकाच बाजूला उरते. म्हणून ‘पाताल लोक’ या वेबमालिकेत (2020) चीनी या पारलिंगी पात्राच्या भूमिकेसाठी मणिपूरच्या पारलिंगी कलाकाराची, मैरेम्बम रोनाल्डो सिंगची निवड झाली, ती मला महत्त्वाची वाटते.

मूळ प्रश्नकर्ता : मग लिहायचं कसं?

पहिला प्रतिसादक : जोडशब्द घडवायची गरज नाही. ‘कर्णबधिर पात्रासाठी कर्णबधिर नटाची निवड केली’ असं सरळ लिहा. ‘संधी दिली’ टाळा, त्यात उपकार डोकावतो. नवखेपण सांगायचं असेल तर ‘पहिलाच चित्रपट’ असं वेगळ्या वाक्यात लिहा.