मदत हवी आहे : चर्चेला न आलेल्या लक्षवेधी सूचनेचे पुढे काय होते?

सप्रेम नमस्कार. महाराष्ट्र विधानसभेच्या एका साध्या, गदारोळ नसलेल्या दिवसाचे कामकाज महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासाठी मी टिपण तयार करीत आहे. वर्तमानपत्रांत सभात्यागाच्या बातम्या ठळक छापल्या जातात. मात्र प्रश्नोत्तरे, पटलावर ठेवले जाणारे कागदपत्र, औचित्याचे मुद्दे आणि शासकीय विधेयके यांत सभागृहाचा बहुतांश वेळ जातो, आणि माझ्या मते खरे शिकण्यासारखे तिथेच असते.

तारांकित प्रश्नांपुरते चित्र स्पष्ट आहे. प्रश्नोत्तराचा तास संपेपर्यंत यादीतील मोजकेच प्रश्न तोंडी उत्तरासाठी येतात, त्यांवर उपप्रश्न विचारले जातात आणि उरलेल्यांची लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात. अडचण आहे ती विधानसभा नियमांतील नियम 105 खालील लक्षवेधी सूचनांची, म्हणजे तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे मंत्र्यांचे लक्ष वेधण्यासाठी सदस्य देतात त्या सूचनांची. दिवसाच्या कामकाजाच्या क्रमात सूचना छापली गेली, संबंधित मंत्र्यांचे निवेदनही तयार होते, परंतु वेळेअभावी ती पुकारलीच गेली नाही, तर ती आपोआप पुढील दिवसाच्या क्रमात जाते, की अध्यक्षांनी तसा निर्देश द्यावा लागतो? आणि अधिवेशन संस्थगित झाल्यास, म्हणजे औपचारिकरीत्या संपवले गेल्यास, ती व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द ठरते का?

विधिमंडळ सचिवालयात काम केलेल्या किंवा सभागृहाचे वार्तांकन करणाऱ्या जाणकारांनी, शक्यतो संबंधित नियमाचा क्रमांक देऊन, मार्गदर्शन करावे. विधान परिषदेत पद्धत वेगळी असल्यास तेही कृपया नमूद करावे.