मदत हवी आहे: खेळ-पुस्तकांची पेटी नेमक्या गरजू मुलांपर्यंत कशी पोहोचवावी?

नमस्कार. लहानपणी घरात एकही चित्रपुस्तक नव्हतं, अशा आम्ही काही जणांनी ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी फिरत्या पेट्या सुरू केल्या आहेत. एका पेटीत १० चित्रपुस्तकं, ४ ते १२ तुकड्यांची ५ कोडी, ४० लाकडी ठोकळे आणि जाड खडू. एका घरी पेटी दोन आठवडे राहते. घरात तान्हं भावंड असू शकतं, म्हणून साधारण ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत मावेल अशी वस्तू ठेवत नाही; ती घशात अडकू शकते.

खरी अडचण वाटपाची आहे. ‘आधी येईल त्याला’ ठेवलं की सवड असलेले पालकच पोहोचतात, पाळीत काम करणाऱ्यांची मुलं मागे राहतात. लेखी अर्जामुळे वाचता न येणारे पालक गळतात. आणि तुकडा हरवला तर भरून द्यावा लागेल या धास्तीनं काही जण पेटी नेतच नाहीत (हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं). आता दर पेटीत जादा ठोकळे ठेवतो, हरवलेल्याचा हिशेब मागत नाही.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना आम्ही सांगतो: चित्र दाखवा, ‘इथे काय चाललंय?’ विचारा, ५ सेकंद थांबा, मुलाच्या उत्तरात एक शब्द जोडा. एकदा दाखवून मात्र हे टिकत नाही.

निम्म्या पेट्या अशा मागे राहणाऱ्या घरांसाठी (पाळीत काम करणारे, वाचता न येणारे पालक) राखून ठेवायच्या, तर निवड कोणाला कमीपणा न वाटता कशी करावी? आणि घरची भाषा वेगळी असेल तिथे बिनशब्दांची पुस्तकं पुरतात, की आवाजी ध्वनिमुद्रणही द्यावं? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया तपशिलात लिहा.