निगेटिव्ह स्कॅन करताना प्रत्येक फोटोवर रेघा, मदत हवी आहे (अर्जंट)

भिजकी_वही:
नमस्कार मंडळी, बाबांच्या जुन्या निगेटिव्ह फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन करतोय आणि प्रत्येक फोटोवर काळ्या रेघा येतायत, दोन ठळक नि एक बारीक, काच चारदा पुसली, ड्रायव्हर काढून परत टाकला, डस्ट रिमूव्हल (धुळीचे डाग काढायची सेटिंग) ऑन केलं तर रेघा तशाच आणि आईच्या हारातली निम्मी फुलं गायब. रविवारी बाबांची पंचाहत्तरी आहे, अल्बम शुक्रवारी छापायला द्यायचाय. लवकर सांगा प्लीज.

काजूगर:
रेघा आडव्या की उभ्या? रंगीत की ब्लॅक अँड व्हाइट? 35 एमएम का? पट्टी धरायचा होल्डर आहे की थेट काचेवर ठेवताय? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

भिजकी_वही:
ब्लॅक अँड व्हाइट, 1978 च्या, मोठ्या चौकोनी. रेघा पट्टीच्या लांबीने जातात. होल्डर आहे.

सायलेंट_मोड:
एवढा कुटाणा कशाला, टॅबवर पांढरी स्क्रीन लावायची, वर निगेटिव्ह, मोबाईलने फोटो. मी अख्खा डबा एका संध्याकाळी उरकला.

काजूगर:
आणि फोटोत स्क्रीनचे ठिपके? मधे दुधी ॲक्रिलिक लागतं, तेही थोडं उंच धरून. असो, त्यांनी रेघांचं विचारलंय.

जुना_डार्करूम:
डस्ट रिमूव्हल आधी बंद करा. ते इन्फ्रारेडवर चालतं. रंगीत निगेटिव्हमधून इन्फ्रारेड आरपार जातो, धूळ तेवढी अडवते. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चित्रच चांदीचं, ती पण अडवते, मग सॉफ्टवेअरला हारही धूळच वाटतो. आणि रेघा म्हणजे ओरखडे, दुसरं काही नाही. ओली फिल्म दोन बोटांत धरून निपटायचो आम्ही, वाळूचा एक कण सापडला की रोलभर रेघ. बारा वर्षं हेच केलंय.

घाटावरची:
काका, ओरखडा फिल्मबरोबर फिरेल ना. पट्टी उलट टोकाने लावून बघा, रेघ दुसऱ्या कडेला गेली तर फिल्मची, तिथेच राहिली तर स्कॅनरची.

जुना_डार्करूम:
बघू द्या त्यांना. मी सांगतो तेच निघणार.

माजघर:
बुरशीचं कोणीच बोललं नाही! आमच्या रत्नागिरीच्या घरी दोन पावसाळ्यांत जाळी धरली निगेटिव्हवर. सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेवा.

भिजकी_वही:
माजघर, बुरशी नाहीये हो. घाटावरची, फिरवून बघितलं, ठळक रेघा तिथेच. नुसता पुठ्ठा स्कॅन केला तरी येतात.

घाटावरची:
पुठ्ठा? कसला पुठ्ठा?

भिजकी_वही:
होल्डर. सेकंडहँड स्कॅनरबरोबर फक्त 35 चा आला, यात 120 ची रुंद फिल्म बसत नाही म्हणून काळ्या फाईलचा कापून केला. मूळ होल्डरला वर एक मोकळी आडवी खाच होती, तीही कापलीय बरोबर.

काजूगर:
अहो हे आधी सांगायचं!

घाटावरची:
ती खाच कॅलिब्रेशनची. स्कॅन सुरू करताना सेन्सर तिथून उघडा दिवा बघतो आणि प्रत्येक पिक्सेलचा उजेड जुळवून घेतो. तिथे पुठ्ठ्याचा एक तंतू लोंबत असला तर तेवढे पिक्सेल अंधारात आहेत असं समजून त्यांचा उजेड वाढवतो, तो पूर्ण लांबीभर. निगेटिव्हचा पॉझिटिव्ह केला की तीच उजळ रेघ काळी. नवीन ब्लेडने खाच साफ कापा, खालची काच पण पुसा.

सायलेंट_मोड:
मोबाईलने आत्तापर्यंत झालं असतं.

माजघर:
120 म्हणजे आग्फा क्लिक थ्री का? आमच्याकडे होता, बारा फोटो यायचे, त्यातले चार मामाच्या बोटाचे.

भिजकी_वही:
हो तोच! बाबांनी अजून जपून ठेवलाय.
खाचेत खरंच दोन तंतू होते, भिंगातून दिसले, कडा ब्लेडने कापली आणि ठळक रेघा गेल्या. घाटावरची, तुमचे उपकार. बारीक रेघ आहे अजून, पट्टी फिरवली की तीही फिरते. काका, ती तुमची.