एका सुरावरचा पहिला भाग

कुणीतरी म्हटलंय, हंगेरियन संगीतकार लिगेतीच्या 'मूझिका रिचेरकाता' या पियानोरचनेचा पहिला भाग म्हणजे एकच पट्टी बडवणं. अहो, बडवणं खरंच, पण शेवटच्या क्षणी 'डी' हा दुसरा सूर येतो तेव्हा काय होतं ते ऐका. तोवर सगळं 'ए' या एकाच सुरावर, फक्त सप्तकं बदलत. लय चढते, जोर चढतो, आणि नवा सूर पडला की कान चक्क सुटतात. आपल्याकडे मालश्री राग तीन सुरांत मांडतात, तर इतका धीर आपल्याला असायला हरकत नाही.

१९५१ ते ५३ दरम्यान लिहिलेले हे अकरा भाग. दुसऱ्यात तीन सूर, मग दर भागाला एकेक वाढत अकराव्यात बाराच्या बारा. म्हणून सुटे ऐकू नयेत असं माझं मत. अपवाद सातव्याचा: डावा हात सात सुरांचं तेच आवर्तन फिरवत राहतो आणि उजवा आपल्याच चालीने गातो.

गोव्यात हा पहिला भाग वाजवणं म्हणजे पियानोची परीक्षाच. पावसाळ्यात दमट हवेने आतली लाकडी फळी फुगते, मधली सप्तकं चढतात, खालची-वरची तितकी चढत नाहीत. इतर रचनांत ते खपून जातं. इथे सगळे 'ए' एकमेकांसमोर उघडे. मडगावच्या जुन्या घरांतल्या पियानोंवर जूनमध्ये तरी हा प्रयोग नको. आधी ट्यूनरला बोलवा.