सिनेमा थिएटरात हलगी: वाजू द्यावी का?

बाल्कनीतला (धागाकर्ता)
कोल्हापुरातलं एक जुनं एकपडदा थिएटर (नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात वाटायला नको) आषाढ-श्रावणातल्या चार शनिवारी रात्री सिनेमाऐवजी गाणं-वाजवणं ठेवणार आहे. पहिल्या शनिवारी हलगी-घुमकं-कैताळ (जत्रेतली ताल धरणारी लोकवाद्यं) आणि जोडीला पुण्याचा एक गिटारवाला बँड, दुसऱ्याला शाहिरी, तिसऱ्याला धनगरी ओव्या, चौथ्याला मराठी रॅप करणारी पोरं. तिकीट ३०० रुपये. आमच्या कट्ट्यावर यावरून दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

माझं मत: करावं, आणि पावसाळ्यातच करावं. चैत्रात जोतिबाची यात्रा, मग गावोगावच्या जत्रा, लग्नसराई. तेव्हा हलगीवाल्याला जेवायला फुरसत नसते. मिरग निघाला की सुपाऱ्या बंद, ते थेट गणपतीपर्यंत. थिएटरवाल्याचं दुखणं तर बारमाही आहे. दोन रिकामे हात एकत्र आले तर बिघडलं कुठं?

दुसरं म्हणजे जागा. ८ ऑगस्ट २०२४ला, संगीत रंगभूमीवरचे गायक-नट केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्याच रात्री, त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली उभं राहिलेलं ते पॅलेस थिएटर. एका वास्तूच्या भरवशावर अख्ख्या गावाची कला टांगून ठेवायची नसते, एवढं तरी त्या आगीनं शिकवायला हवं होतं.

तिसरी घंटा
विरोध. लोककलेला खुर्ची मानवत नाही. हलगी ही चालत्या माणसांची कला आहे: पालखीपुढं, कुस्तीच्या मैदानात, मिरवणुकीत. मल्ल फिरायला लागला की हलगी चढते, कुस्ती रंगली की ठेका बदलतो. समोर एसीत पाय पसरून, मांडीवर पॉपकॉर्न घेऊन बसलेली मंडळी असतील तर वाजवणाऱ्यानं कुणाकडं बघून चढायचं?

बाल्कनीतला
मग शाहिरीचं काय? पिराजीराव सरनाईकांचे पोवाडे लोकांनी रेडिओवरही ऐकलेच की. रेडिओपुढं कुणी मिरवणूक काढली नव्हती.

तिसरी घंटा
शाहिरी वेगळी. ती मुळात सभेपुढं उभं राहून सांगायची गोष्ट आहे. म्हणून तुमचा दुसरा शनिवार मला मान्य, पहिला नाही.

वादी आवळ
मी स्वतः हलगी वाजवतो, म्हणून दोन शब्द. खुर्ची-बिर्ची राहू दे बाजूला, कातड्याचं बोला. हलगीचं पान, म्हणजे वर ताणलेलं कातडं, शेकल्याशिवाय बोलत नाही. पावसाळ्यात तर हवेनंच ढिलं पडतंय, दर थोड्या वेळानं जाळ लागतोय. थिएटरात जाळ कोण करू देणार? आणि या गावात, त्या आगीनंतर? करू पण नये. म्हणजे राहिली फायबरच्या पानाची हलगी. ती पावसात पण टणटण वाजते, खोटं कशाला बोलू, आम्ही पण निम्म्या सुपाऱ्या तिच्यावरच मारतो. पण ३०० रुपये देऊन ‘अस्सल मातीतला नाद’ ऐकायला येणाऱ्याला पोस्टरवर सांगा की पान प्लास्टिकचं हाय.

मिक्सरवाला
+१. आता आवाजाचं ऐका. सिनेमा हॉल मुद्दाम ‘मेलेला’ बांधतात. भिंतींवर कापड, खाली गालिचा, म्हणजे संवाद स्वच्छ ऐकू यावेत. नाट्यगृहात आवाजाला थोडी गोलाई मिळते, इथे काठी पडली की आवाज तिथंच संपतो. धनगरी ओवीतली ती लांब हाक अशा हॉलमध्ये अगदी कोरडी वाटेल. पडद्यामागचे स्पीकर यासाठी कामाचे नाहीत, पडद्यापुढचा कट्टा जेमतेम चार पावलांचा. वेगळी साउंड सिस्टीम भाड्यानं आणावी लागेल आणि तो खर्च बिदागीच्या आधी वळता होईल, लिहून ठेवा.

रॅपला मात्र असा हॉल झकास. शब्द न् शब्द कळेल. म्हणजे चारपैकी सर्वात कमी ‘लोक’ असलेला कार्यक्रमच सर्वात चांगला होणार :-)

हिशेबनीस
कुणी पैशाचं नीट बोलत नाहीये. सिनेमाचं तिकीट १०० रुपयांच्या वर गेलं की १८ टक्के जीएसटी. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी माफ. म्हणजे ३०० हा आकडा मालकानं उगाच काढलेला नाही. लोककलेचा कलाकारही एका कार्यक्रमाला दीड लाखाच्या आत मानधन घेत असेल तर त्याच्यावर कर नाही, त्यामुळे ‘करामुळे बिदागी कापली’ हे कारण कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

माझा आक्षेप वेगळा आहे. जत्रेत हलगीवाल्याला ठरलेली सुपारी मिळते, वर लोक खूश होऊन नोटा लावतात. थिएटरात हा वरचा पैसा बंद. मग तिकिटातला किती वाटा कुणाचा, हे पोस्टरवर छापणार का? बँडचा करार कागदावर आणि हलगीवाल्याचा तोंडी, असं व्हायची भीती वाटते.

वादी आवळ
भीती कसली, तसंच असतंय. गिटारवाल्याला हॉटेल, आम्हाला वडापाव.

ब्रिस्टलचा पाव्हणा
इथे ब्रिस्टलमध्ये ‘क्यूब’ नावाचं छोटं सिनेमागृह आहे, १९९८पासून स्वयंसेवक चालवतात. एका रात्री सिनेमा, दुसऱ्या रात्री कुणीतरी लोकगीतं म्हणतंय, तिसऱ्या रात्री नुसता गोंगाट. न्यूकॅसलचं ‘स्टार अँड शॅडो’ही स्वयंसेवकांचंच. पडदा आणि गाणं एका छताखाली सुखानं नांदतात. लोक येतात ते जागेवरच्या विश्वासानं. आज काय आहे ते न बघता तिकीट काढणारे असतात. आपल्याकडे असा एक अड्डा झाला तर काय हरकत आहे?

तिसरी घंटा
पाव्हणं, तिथं तिकीट फाडणारा स्वयंसेवक असतो, इथं तो पगारी डोअरकीपर असतो आणि त्याला घर चालवायचं असतं. फुकटच्या श्रमावर चालणाऱ्या जागेचं उदाहरण मालकाच्या धंद्याला लावू नका.

बाल्कनीतला
मुंबईचं उदाहरण घ्या मग. रॉयल ऑपेरा हाऊस १९११ साली गाण्या-नाटकासाठी उघडलं, पुढं सिनेमाचं थिएटर झालं, १९९३ला बंद पडलं आणि २०१६ला परत उघडलं ते पुन्हा रंगमंच म्हणून.

हिशेबनीस
मधली तेवीस वर्षं विसरलात. ती वास्तू गोंडलच्या राजघराण्याची, त्यांना थांबणं परवडलं. आपल्या थिएटरवाल्याला पुढच्या महिन्याचं वीजबिल भरायचंय.

मागच्या गल्लीतली
मी त्या थिएटरच्या मागे राहते. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम बंद सभागृहाला लागू नाही, असं व्यवस्थापनानं आम्हाला ऐकवलं. ते खरं आहे, पण अर्धंच. हद्दीबाहेर आवाज किती जावा यालाही मर्यादा आहे, आणि निवासी भागात रात्रीची पातळी ४५ डेसिबल. ह्यांचे मागचे दरवाजे पत्र्याचे. सिनेमातली मारामारी आम्ही सवयीनं झोपेत पचवतो, घुमक्याचा घुमारा पचणार नाही. विरोध गाण्याला नाही. सहाला सुरू करा, नऊला संपवा, मीही सासूबाईंना घेऊन येईन.

मिक्सरवाला
ताई, हे सर्वात शहाणं बोललात. ‘रात्र’ म्हटलं की पोस्टर भारी दिसतं, म्हणून साडेनऊ ठेवलंय. ओव्या ऐकायला येणारी म्हातारी माणसं साडेअकराला कुठल्या एसटीनं परत जाणार? पट्टणकोडोलीसारख्या धनगरी यात्रेच्या गावचा माणूस यावा असं वाटत असेल तर वेळ बदलाच.

नाद खुळा
एवढी चर्चा करताय, तिकीट किती जणांनी काढलं? मी रॅपचं काढलं.

ओटीभरण
जरा गंभीर. मालक पुढच्या खेपेला चौंडकं (देवीच्या गाण्याचं तंतुवाद्य) आणि गोंधळ आणणार अशी कुणकुण आहे. हलगीचं काय ते बघा, पण गोंधळ हा विधी आहे. चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, देवीला बोलवायचं. मध्यंतरात समोशाची घंटा वाजणार असेल तर आणू नका.

बाल्कनीतला
गोंधळ रंगमंचावर येऊन जमाना झाला. आणि विधी घरात करणाऱ्या गोंधळ्याच्या पोराला स्टेजवर मानधन मिळत असेल तर ते नको म्हणायचा हक्क प्रेक्षकाला नाही, त्याला स्वतःला आहे. त्यालाच विचारावं.

वेळेबद्दल ताईंचं पटलं, व्यवस्थापनाला कळवतो. वाट्याचा आकडा छापा, हेही लेखी मागतो. पान प्लास्टिकचं की कातड्याचं ते छापायचा आग्रह मात्र मी धरणार नाही. गिटारच्या तारा कसल्या आहेत ते कोण विचारतं?

वादी आवळ
गिटारवाला ‘मातीतला’ म्हणून तिकीट विकत नाही भावा, आम्हाला तसं विकतात. फरक तिथं हाय.

तिसरी घंटा
पहिल्या शनिवारी मी नाही. तिसऱ्याला ओव्यांना येईन, सहाची वेळ झाली तर. आणि पुढच्या दोन रांगांच्या खुर्च्या काढा म्हणावं, ढोल घुमायला लागला की धनगर बसून राहत नाही.

हिशेबनीस
खुर्च्या काढल्या की आसनसंख्या बदलते, नकाशा बदलतो. सिनेमाचा परवाना वेगळा, प्रत्यक्ष कार्यक्रमाचा वेगळा. आधी दुसरा काढलाय का ते विचारा.