जुन्या रायफलीवरचा मुलामा मूळचा की नंतरचा?

प्रश्न: संग्रहासाठी १८७०च्या सुमाराची एक रायफल पाहिली आहे. मुलामा मूळचाच असल्याचे विक्रेता सांगतो. परंतु नळी इतकी काळीभोर आणि तुकतुकीत आहे की माझा विश्वास बसत नाही. पैसे देण्याआधी नेमके काय तपासावे?

उत्तर १: सर्वप्रथम शिक्के भिंगाखाली पाहावेत. गंज काढण्यासाठी धातू घासला गेला असेल, तर अक्षरांच्या कडा बोथट होतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो आणि अष्टकोनी नळीच्या धारा गोलसर होतात. गंजाने पडलेल्या खड्ड्यांच्या तळाशीही मुलामा सलग चढलेला दिसला, तर तो खड्डे पडल्यानंतरचा आहे, याविषयी मला तरी शंका उरत नाही. शिवाय उकळत्या क्षारांच्या द्रावणातून मिळणारा काळा, चमकदार मुलामा १९३०च्या दशकात प्रचारात आला. हळूहळू गंज चढवून केलेला जुना मुलामा मंद झाकेचा असतो.

उत्तर २: लाकडी दस्ता विसरू नका. लाकूड धातूपेक्षा किंचित उंच असावे. ते खाली गेले असेल, तर बहुधा पॉलिश पेपर फिरलेला असतो. माझ्या एका रायफलीच्या दस्त्यावरचा तपासणीचा शिक्का अर्धाच उरला होता, आणि हे मला घरी आणल्यावर दिसले.

उत्तर ३: वरील सर्व मान्य, तथापि लष्करी रायफलींची डागडुजी शस्त्रागारांतही होत असे. ब्रिटिश लष्कराच्या ली-एनफील्ड रायफलीवरील ‘एफटीआर’ (फॅक्टरी थरो रिपेअर) ही अक्षरे कारखान्यात झालेल्या संपूर्ण दुरुस्तीची खूण आहेत, आणि अशा रायफलीला फसवणूक म्हणणे मला अन्यायाचे वाटते.